रिझोल्यूशन कमी करू नका, स्केल बदला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लॅपटॉपला बाहेरून मॉनिटर जोडून काम करण्याची पद्धत आता बँकांच्या शाखांपासून डीटीपीच्या दुकानांपर्यंत सगळीकडे रुळली आहे. तिच्या पाठोपाठ एक तक्रारही रुळली आहे: लॅपटॉपवर अक्षर मुंगीएवढे, मॉनिटरवर ढब्बू, आणि तीच विंडो इकडून तिकडे ओढली की पुसट. यावर जो तो एकच उपाय सांगतो, 'रिझोल्यूशन कमी करा.' अक्षर मोठे होते, तक्रार थांबते आणि डोळ्यांचा त्रास सुरू होतो. हा उपाय चुकीचा का आणि बरोबर उपाय कोणता, एवढ्यासाठी हा पत्रप्रपंच.

एलसीडी पडद्यावरचे ठिपके, म्हणजे पिक्सेल, कारखान्यातच ठरून येतात. १९२० बाय १०८० च्या पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८०. त्यात नंतर कमी-जास्त होत नाही. सेटिंगमध्ये १३६६ बाय ७६८ निवडले की संगणक तेवढ्याच ठिपक्यांचे चित्र तयार करतो आणि ते ताणून १९२० ठिपक्यांवर बसवले जाते. चित्राच्या एका ठिपक्याच्या वाट्याला पडद्याचे साधारण १.४ ठिपके येतात. ०.४ ठिपका काही पेटवता येत नाही, म्हणून रंग शेजारच्या ठिपक्यांत वाटला जातो आणि काळ्याचा करडा होतो. रोमन लिपीत हे कसेबसे खपून जाते. देवनागरीत खपत नाही. लहान आकारात शिरोरेषा ही एकाच ठिपक्याच्या उंचीची आडवी रेघ असते. ताणल्यावर ती एका ओळीत काळी आणि पुढच्या ओळीत दोन ठिपके जाड पण करडी दिसते. अनुस्वार एक-दोन ठिपक्यांचा, तो त्या करड्यात विरघळतो. ऱ्हस्व-दीर्घ उकार, ऋकार, रफार ओळखायला मान पुढे काढावी लागते. याद्या, दाखले, उतारे यांची नोंद करणाऱ्या ऑपरेटरच्या हातून 'चिंतामण'चा 'चितामण' होतो आणि तपासणाऱ्यालाही तो सापडत नाही, कारण त्याच्या पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात.

म्हणून रिझोल्यूशन नेहमी पडद्याचे मूळचे ठेवावे. विंडोजच्या यादीत त्याच्यासमोर 'रेकमेंडेड' असे लिहिलेले असते. अक्षर लहान-मोठे करायचे ते स्केलने. विंडोजच्या हिशेबात १०० टक्के स्केल म्हणजे एका इंचाला ९६ ठिपके. त्या मापाने १२ पॉइंटचा फाँट १६ ठिपक्यांत काढला जातो. स्केल १५० टक्के केले की २४ ठिपक्यांत. इथे जुने चित्र ताणले जात नाही. तेच अक्षर जास्त ठिपके वापरून नव्याने काढले जाते, म्हणून ते मोठे होते आणि आखीवही राहते. निदान नीट लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये तरी.

आता दोन पडद्यांचे दुखणे. विंडोजचा इंच हा कागदावरचा; खऱ्या पडद्याच्या इंचात किती ठिपके आहेत ते पडद्यागणिक वेगळे. रुंदीच्या आणि उंचीच्या ठिपक्यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढावे आणि कर्णाच्या इंचांनी भागावे, की घनता मिळते. १४ इंची फुल एचडी (१९२० बाय १०८०) लॅपटॉपची घनता १५७ येते, १५.६ इंचीची १४१, बाजारात २४ इंची म्हणून मिळणाऱ्या २३.८ इंची फुल एचडी मॉनिटरची ९३. २७ इंचात फुल एचडी घेतला तर ८२, २५६० बाय १४४० घेतला तर १०९ आणि फोर-के (३८४० बाय २१६०) घेतला तर १६३. म्हणजे १०० टक्के स्केलवर तोच १२ पॉइंटचा फाँट २४ इंची मॉनिटरवर सुमारे ४.४ मिलिमीटरचा आणि १४ इंची लॅपटॉपवर जेमतेम २.६ मिलिमीटरचा. दोन्हींचे रिझोल्यूशन मात्र तंतोतंत एकच! 'दोन्ही फुल एचडी आहेत, मग फरक कसा?' या प्रश्नाचे उत्तर इथे आहे.

स्केल ठरवायला शाळेतली पट्टी पुरते. विंडोज ११ ची खालची टास्कबार १०० टक्के स्केलवर ४८ ठिपके उंच असते. २४ इंची फुल एचडी मॉनिटरवर ती पट्टीने १३ मिलिमीटर भरते. १४ इंची लॅपटॉपवर १०० टक्क्यांना ती ८ मिलिमीटरही भरत नाही. १५० टक्क्यांना साडेअकरा होते. २७ इंची फोर-केवर १७५ टक्के ठेवले की बरोबर १३. लॅपटॉप डोळ्यांच्या थोडा जवळ असतो, म्हणून तिथे दीड-दोन मिलिमीटर कमी चालते. दोन पडद्यांच्या टास्कबारमध्ये याहून जास्त फरक असेल तर स्केल चुकले आहे असे समजावे. दुसऱ्या पडद्यावर टास्कबार दिसत नसेल तर टास्कबारच्या सेटिंगमध्ये ती सर्व पडद्यांवर दाखवण्याचा पर्याय असतो.

कृती अशी. डेस्कटॉपवर राइट क्लिक करून 'डिस्प्ले सेटिंग्ज' उघडावे. वर १ आणि २ आकड्यांचे चौकोन दिसतात. आधी ज्या पडद्याचे स्केल बदलायचे त्या चौकोनावर क्लिक करावे; बहुतेकांचे इथेच चुकते, चौकोन न निवडता खाली जातात आणि भलत्याच पडद्याचे स्केल बदलून बसतात. कोणता पडदा कोणता हे कळत नसेल तर 'आयडेंटिफाय' दाबावे. मग रिझोल्यूशन 'रेकमेंडेड' आहे ना ते पाहावे आणि 'स्केल'च्या यादीतून १००, १२५, १५०, १७५ यांपैकी टक्का निवडावा. शेजारीच 'कस्टम स्केलिंग' असते, १०० ते ५०० मधला कोणताही आकडा घेणारे. त्याच्या वाटेला जाऊ नये. तो आकडा सगळ्या पडद्यांना एकदम लागू होतो, म्हणजे आपल्याला जे नको तेच.

एवढे करूनही काही प्रोग्रॅम पुसटच दिसतात. त्याचे कारण प्रोग्रॅमच्या वयात आहे. विंडोजने प्रत्येक पडद्याला वेगळे स्केल देण्याची सोय २०१३ साली, ८.१ मध्ये आणली. ती खऱ्या अर्थाने वापरण्याजोगी झाली २०१७ च्या विंडोज १० मध्ये. त्याआधीच्या प्रोग्रॅमांचे दोन गट पडतात. पहिल्या गटाला स्केल ही गोष्टच ठाऊक नाही. ते सगळे ९६ च्या मापाने काढतात आणि विंडोज त्याचे चित्र ताणून दाखवते. व्हीबी सिक्समध्ये (व्हिज्युअल बेसिक ६ या जुन्या प्रोग्रॅमिंग साधनात) लिहिलेली हिशेबाची आणि नोंदींची सॉफ्टवेअर, तसेच पानांच्या मांडणीचे २००१ चे पेजमेकर ७ याच गटातले. दुसऱ्या गटाला स्केल कळते, पण एकच: लॉगिन करताना मुख्य पडद्याचे जे स्केल असेल ते. हे प्रोग्रॅम मुख्य पडद्यावर स्वच्छ दिसतात आणि वेगळ्या स्केलच्या पडद्यावर नेले की पुसटतात. मुख्य पडदा बदलला किंवा लॅपटॉप डॉकवरून काढून घरी नेला, तरी त्यांच्या डोक्यात जुनेच स्केल असते. अशा वेळी साइन आउट करून पुन्हा साइन इन केले की निम्म्या तक्रारी तिथेच संपतात. नुसते झाकण मिटून उघडल्याने काही होत नाही. ज्या पडद्यावर जुना प्रोग्रॅम दिवसभर चालवायचा, तोच 'मेन डिस्प्ले' करावा.

तरीही पुसट असेल तर त्या प्रोग्रॅमच्या आयकॉनवर राइट क्लिक, 'प्रॉपर्टीज', 'कम्पॅटिबिलिटी', 'चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज'. खालच्या 'ओव्हरराइड'च्या चौकटीत टिक करून तीनपैकी एक पर्याय निवडायचा आणि प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडायचा. 'ॲप्लिकेशन' निवडले की विंडोज हात काढून घेते. प्रोग्रॅमला स्केल कळत नसेल तर सगळे टोकदार पण बारीक होते. 'सिस्टिम' निवडले की विंडोज ताणून मोठे करते. मोठे पण मऊ. 'सिस्टिम एन्हान्स्ड'मध्ये विंडोज मजकूर मोठ्या मापात नव्याने काढण्याचा प्रयत्न करते. व्हीबी सिक्सछाप प्रोग्रॅमांना तिसरा पर्याय आधी लावून पाहावा: अक्षर स्वच्छ होते, फक्त चित्रांची बटणे धुरकट राहतात. कधी कधी चौकटीतला मजकूर कापला जातो. तसे झाले तर 'सिस्टिम'वर परत यावे. पेजमेकरमध्ये बारीक जुळवाजुळव करायची असेल तर तो सरळ १०० टक्के स्केलच्या पडद्यावरच चालवावा, हे आमचे स्पष्ट मत. जावा ८ वर चालणाऱ्या प्रोग्रॅमांचे दुखणे उलटे आहे. जावा विंडोजला 'मला स्केल कळते' असे सांगते आणि मोठे काही करत नाही, त्यामुळे फोर-केवर बटणे मोहरीएवढी होतात. तिथे जावाच्या फाइललाच 'सिस्टिम' लावावे लागते.

दोष कुठला आहे हे ओळखण्याची एक खूण आहे, ती फार जणांना माहीत नसते. पुसट दिसणाऱ्या विंडोचा विंडोज-शिफ्ट-एस दाबून स्क्रीनशॉट घ्यावा आणि दुसऱ्या, चांगल्या पडद्यावर १०० टक्के झूमने पाहावा. स्क्रीनशॉटही पुसट असेल तर दोष प्रोग्रॅमचा किंवा स्केलचा. स्क्रीनशॉट स्वच्छ आणि पडदा पुसट, तर दोष रिझोल्यूशनचा, केबलचा किंवा मॉनिटरचा. पहिल्या प्रकारात मॉनिटर बदलून पैसे फुकट जातात आणि दुसऱ्यात विंडोज पुन्हा टाकून दिवस. आणि फक्त ई-पेपर किंवा स्कॅन केलेला उतारा सगळ्याच पडद्यांवर पुसट दिसत असेल, तर तो मुळातच कमी ठिपक्यांचा फोटो आहे; त्याला स्केल काय करणार?

केबलचे दोष स्केलच्या नावावर खपतात, म्हणून त्यांचेही सांगणे भाग आहे. जुन्या एचडीएमआय १.४ वाटेने फोर-के चित्र सेकंदाला ३० वेळाच जाते. कर्सर अडखळतो, म्हणून लोक रिझोल्यूशन फुल एचडीवर आणतात आणि अक्षर मऊ झाले म्हणून मॉनिटरला नावे ठेवतात. ६० वेळांसाठी दोन्ही टोकांना एचडीएमआय २.० किंवा डिस्प्लेपोर्ट १.२ हवे. स्वस्त टाइप-सी हबमधूनही पुष्कळदा ३० च मिळतात. 'ॲडव्हान्स्ड डिस्प्ले'मध्ये रिफ्रेश रेट पाहिला की कळते. व्हीजीएच्या केबलवर यादीत १०२४ बाय ७६८ च्या वर काही दिसतच नसेल, तर कनेक्टरच्या पिना पाहाव्यात. पडदा आपली ओळख १२ आणि १५ क्रमांकाच्या पिनांवरून सांगतो. त्यांतली एक वाकली किंवा तुटली की संगणकाला मॉनिटर कोणता हेच समजत नाही आणि तो बेताचे रिझोल्यूशन देतो. टीव्ही मॉनिटर म्हणून लावला असेल आणि टास्कबार कडेला कापली जात असेल तर टीव्हीच्या मेनूत चित्राचा आकार 'स्क्रीन फिट' किंवा 'जस्ट स्कॅन' करावा. लाल-निळी अक्षरे फरफटल्यासारखी दिसत असतील तर त्या एचडीएमआय इनपुटला 'पीसी' असे नाव द्यावे. बऱ्याच टीव्हींत रंगांची काटछाट त्याने थांबते.

सभागृहातल्या प्रोजेक्टरची गोष्ट थोडक्यात. 'डुप्लिकेट' केले की दोन्ही पडद्यांना मिळून एकच रिझोल्यूशन घ्यावे लागते, म्हणजे १०२४ बाय ७६८ चा प्रोजेक्टर लॅपटॉपलाही आपल्या पातळीवर खाली ओढतो. विंडोज-पी दाबून 'एक्स्टेंड' निवडावे. दोघे आपापल्या मापात राहतात.

कर्सर अडकण्याची तक्रारही नेहमीची. २७ इंची फोर-के पडदा मोजला तर उंचीला सुमारे ३३६ मिलिमीटर, शेजारचा २४ इंची २९६. टेबलावर फरक चार सेंटिमीटरचा. पण विंडोज चौकोन ठिपक्यांनी मोजते: २१६० विरुद्ध १०८०, थेट दुप्पट. त्यामुळे मोठ्या पडद्याच्या निम्म्या कडेवर पलीकडे जायला वाटच नसते, कर्सर भिंतीला आपटल्यासारखा थांबतो. चौकोन माउसने ओढून तळाशी किंवा मध्यावर, जसे टेबलावर आहेत तसे, जुळवून घ्यावेत. विंडोज ११ मध्ये 'मल्टिपल डिस्प्लेज'खाली कर्सर सहज पलीकडे नेण्याचा पर्याय आहे, तोही चालू ठेवावा. विंडो दोन पडद्यांच्या मधोमध असताना एका बाजूला अवाढव्य दिसते, तो बिघाड नव्हे. तिचा मोठा भाग ज्या पडद्यावर, त्याचे स्केल ती घेते. पडदा काढल्यावर विंडो हरवली तर विंडोज-शिफ्ट आणि डावा-उजवा बाण दाबून ती परत आणता येते.

मॅकवाल्यांची अडचण निराळी. मॅक दोनच मापांत चित्र काढते, एकपट आणि दुप्पट. २७ इंची फोर-केवर '२५६० बाय १४४० सारखे' निवडले की ते आतल्या आत ५१२० बाय २८८० चे चित्र काढून मग ३८४० वर आवळते. अक्षर चांगले दिसते, पण ग्राफिक्सवर भार पडतो. २०१८ च्या मोहावेपासून अक्षरांच्या कडा रंगीत उपठिपक्यांनी (एका ठिपक्यातल्या लाल, हिरव्या, निळ्या भागांनी) गुळगुळीत करणे मॅकने सोडले, त्यामुळे १०० च्या आसपास घनतेच्या मॉनिटरवर मराठी मजकूर फिका वाटतो. तिथे सेटिंग शोधत बसण्यात अर्थ नाही. लिनक्सवर वेगवेगळे स्केल हवे तर लॉगिनच्या वेळी पडद्यावर चित्र काढणाऱ्या प्रणालींपैकी जुन्या एक्स११ ऐवजी वेलँड निवडावी.

विंडोजवर अक्षराच्या कडांना रंगीत झालर दिसत असेल तर स्टार्टमध्ये 'सीटीट्यून' (इंग्रजीत cttune) लिहून क्लिअरटाइपची, म्हणजे अक्षरांच्या कडा गुळगुळीत करण्याच्या सोयीची, जुळणी प्रत्येक पडद्यासाठी वेगळी करावी. डीटीपीसाठी मॉनिटर उभा फिरवला असेल तर ही झालर हमखास येते, कारण पडद्यातले लाल-हिरवे-निळे उपठिपकेही त्याच्याबरोबर आडवे होतात.

खरेदीच्या वेळी थोडी आकडेमोड केली तर यातले बरेचसे टळते. दुकानात आणि निविदेत बोलणे इंचांचे होते, फार तर 'फोर-के' हा शब्द. विचारायची ती घनता. ९३ चा २४ इंची फुल एचडी मॉनिटर आधीच टेबलावर असेल तर त्याच्या शेजारी ३१.५ इंची २५६० बाय १४४० घ्यावा. त्याचीही घनता ९३, दोन्ही १०० टक्क्यांवर एकजीव चालतात आणि जुने सॉफ्टवेअरही तक्रार करत नाही. १४ इंची फुल एचडी लॅपटॉपला जोड हवी तर २७ इंची फोर-के, १५७ आणि १६३, दोन्ही १५० टक्क्यांवर. २१.५ इंची फुल एचडीला २७ इंची २५६० बाय १४४० शोभतो. २७ इंची फुल एचडी मात्र मराठी मजकुरासाठी घेऊ नये, तो कितीही स्वस्त मिळो. ठिपके एवढे मोठे की जोडाक्षरांच्या पोटातली जागा भरून जाते. व्यापारी संकुलांत आणि शाळांत एकगठ्ठा खरेदी करणाऱ्यांनी कागदावर इंच, मूळ रिझोल्यूशन आणि पोर्टची आवृत्ती या तिन्ही गोष्टी लिहून घ्याव्यात.

शेवटचा मुद्दा सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांसाठी. विंडोजवरच्या प्रोग्रॅमने आपल्या मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे विंडोजला स्वतःची माहिती देणाऱ्या फाइलमध्ये, 'पर मॉनिटर व्ही टू' (प्रत्येक पडद्याचे स्केल वेगळे पाळतो) असे घोषित करायचे आणि पडदा बदलल्याचा संदेश आला की मांडणी नव्याने करायची, एवढेच काम असते. प्रोग्रॅम बनवण्याच्या मायक्रोसॉफ्टच्या साधनांपैकी डब्ल्यूपीएफला पडद्यागणिक स्केल पाळण्याची सोय डॉटनेट ४.६.२ पासून आणि विनफॉर्म्सला २०१७ च्या ४.७ पासून आहे. तरी आजही पतसंस्था, शाळा, पॅथॉलॉजी लॅब यांना नवी म्हणून विकली जाणारी सॉफ्टवेअर ९६ च्या मापात अडकलेली असतात. विकत घेणाऱ्याने डेमोच्या वेळी दोन पडदे मागावेत, एक १०० टक्क्यांवर आणि एक १५० वर. नोंदणीचा फॉर्म उघडून 'कुंकू, दृष्टी, क्षितिज, गर्द, ट्रॅक्टर, ऱ्हस्व' असे शब्द भरावेत, फॉर्म एका पडद्यावरून दुसऱ्यावर ओढावा आणि परत आणावा. अक्षर पुसटले, बटण चौकटीबाहेर गेले किंवा उकार कापला गेला, तर दुरुस्ती बिल देण्याआधी मागावी. वार्षिक देखभालीच्या करारात ती कुणी करत नाही.

आपले,
संगणक देखभालीच्या व्यवसायातील दोन वाचक, सांगली
(नावे व पत्ते संपादकांकडे)